कडक भाकरीचा स्टॉल, साडेतीन स्टार: आधी फुकट खाल्ली, मग विकत घेतली

हा स्टॉल एका शाळेतली पोरं चालवतात आणि त्यातूनच रविवारी हॉस्पिटलात भाकरी वाटतात. पण आधीच सांगते, शाळेचं नाव, पोरांची नावं, हॉस्पिटलचं नाव यातलं काहीच देणार नाहीये. पोरं सहावी ते आठवीतली आहेत आणि त्यांच्या सरांनी हात जोडून सांगितलंय की मॅडम कौतुक करा पण फोटो आणि नाव नको. सोलापूरच्या पूर्व भागातली शाळा आहे, बरीचशी पोरं विडी कामगार आणि यंत्रमागवाल्यांच्या घरातली, एवढं पुरे. ज्यांनी तिथली भाकरी घेतलीये ते ओळखतीलच.

तर झालं असं की ऑगस्टमध्ये सासऱ्यांना ऍडमिट केलं होतं. शनिवारी रात्री घाईत नेलं, रविवारचा अख्खा दिवस या रिपोर्टच्या मागे त्या रिपोर्टच्या मागे गेला, नवरा रक्ताच्या बाटलीसाठी ब्लड बँकेत जाऊन बसलेला आणि मी वॉर्डाच्या बाहेर चटईवर. पर्समध्ये पैसे होते हो, पैशाचा प्रश्न नव्हता, पण पेशंटला सोडून खाली जाता येईना, बाहेर पाऊस, आणि संध्याकाळी सहानंतर आसपास चहा-बिस्किटाशिवाय काही मिळेना. पेशंटला जेवण येतं, नातेवाईकाला कोण विचारतंय. माझ्या शेजारी इंडीकडची एक बाई होती, कर्नाटकातली, इकडच्या सरकारी दवाखान्यात तिकडचे पण बरेच येतात, तिला मराठी मोडकं आणि मला कानडी त्याहून मोडकं, पण दोन दिवस ती पार्ले बिस्किट चहात बुडवून दिवस काढतेय एवढं कळलं. त्यात गंमत बघा, त्याच दिवशी सकाळी आमच्याकडे केळी वाटून गेले होते. कुणाचातरी वाढदिवस होता, बॅनर धरून फोटो काढला आणि प्रत्येकाच्या हातात दोन दोन केळी. नंतर अजून एक ग्रुप आला, परत केळी. दुपारपर्यंत आमच्या त्या कोपऱ्यात चौदा केळी जमली होती, मी मोजली, दुसरं काय काम होतं. आणि संध्याकाळी कुणी नाही.

सात-सव्वासातला ही सहा पोरं आली. गळ्यात स्कार्फ, दोन कापडी पिशव्या, एक लांबडी वही, मागं सर आणि एक ताई. मला वाटलं आता परत केळी. त्यातली एक मुलगी, असेल सातवीतली, वही उघडून माझ्यासमोर उकिडवी बसली आणि विचारलं, "काकू, इथं किती जण जेवायचे राहिलेत?" मी आपलं शहाणपणा करून म्हणलं की बाळा आम्हाला नको, ज्यांना खरंच गरज आहे त्यांना दे. तर ती पेन तसंच धरून म्हणते, "ते नाही विचारलं काकू, तुम्ही जेवलात का तेवढं सांगा."

नव्हते जेवले. काय सांगणार.

तिनं वहीत एक रेघ मारली आणि पाकीट हातात दिलं. तीन कडक भाकऱ्या, एका छोट्या पुडीत शेंगाचटणी आणि एक अख्खा छोटा कांदा. कापलेला नाही, अख्खा, कारण कापला की वास मारतो आणि वॉर्डात नर्स ओरडतात, हे मला नंतर कळलं. कांदा मी जिन्याच्या कठड्यावर ठेवून बुक्कीनं फोडला आणि खाल्ला. इंडीच्या बाईंनी भाकरी हातात घेऊन आधी वास घेतला आणि पहिल्यांदा त्या दिवशी हसल्या. जोळद रोट्टी म्हणाल्या. ते कळायला कानडी यायची गरज नाही.

आता सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. कडक भाकरी म्हणजे शिळी भाकरी नव्हे, प्लीज. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर तिच्यातलं सगळं पाणी जाईपर्यंत ठेवायची, मग ती पापडासारखी कुरकुरीत होते आणि महिनाभर तिला काही होत नाही. आमच्याकडं प्रवासाला, वारीला, शेतावर हेच न्यायचे. दह्यात, आमटीत मोडून टाका नाहीतर नुसती तेल-चटणीबरोबर खा. आणि ज्वारी आमची मालदांडी, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळं या बाबतीत आम्ही जरा माज करतो, समजून घ्या.

पण हॉस्पिटलात वाटायला कडक भाकरीच का, हे मी सरांना नंतर विचारलं. पोरांची पहिली आयडिया म्हणे मंगल कार्यालयातलं उरलेलं जेवण आणायची होती. सर नाही म्हणाले. शिजवलेलं अन्न तासन्‌तास पडलेलं असतं, भात आणि मठ्ठा कधी आंबला कळत नाही, उरलेलं अन्न वाटायचं तर त्याचे २०१९ चे सरकारी नियम पण आहेत, आणि आजारी माणसाच्या शेजारी बसलेल्याला जुलाब लागले तर मग काय करायचं. मग कुणीतरी म्हणलं की सर जे खराबच होत नाही ते देऊ. आजी काय बांधून देते गावाला जाताना? कडक भाकरी. संपला विषय. मोठ्यांच्या मीटिंगमध्ये याला तीन तास आणि एक उपसमिती लागली असती.

त्या पहिल्या दिवशी एक गडबड पण झाली आणि रिव्ह्यू आहे तर तीही लिहायला पाहिजे. आमच्या पलीकडं एक आजोबा होते, अक्कलकोटच्या बाजूचे, बायकोला घेऊन आलेले. त्यांनी भाकरी तोंडात घातली, इकडून तिकडं फिरवली आणि परत काढून हातात ठेवली. "बाळ, हे मला चावंना की." दातच नाहीत. पोरगा एकदम गोरामोरा झाला, त्याला काय बोलावं सुचेना. आजोबांनी शेवटी ती प्लास्टिकच्या कपातल्या चहात बुडवून खाल्ली, ज्वारीची भाकरी आणि चहा, बघवत नव्हतं. पण त्या पोरानं वही उघडली आणि मी वाकून बघितलं तर वहीत खरंच "तक्रार" नावाचा रकाना आहे! त्यात त्यानं लिहिलं, दात नाही, चावत नाही, पातळ पाहिजे.

आमचे सासरे अकरा दिवस होते तिथं. पुढच्या रविवारी पोरं आली तेव्हा हातात पितळेची मोठी किटली होती, आत आमटी, वाफा निघत होत्या, आणि एकाकडं स्टीलच्या वाट्या. वाट्या परत घेऊन जायच्या, म्हणजे कचरा नाही. ते आजोबा शुक्रवारीच डिस्चार्ज होऊन गेले होते. पोरगा सगळ्या वॉर्डाबाहेर त्यांना शोधून आला.

असो. तर ही झाली फुकटची भाकरी. आता विकतची, म्हणजे मूळ रिव्ह्यू.

स्काऊट-गाईडमध्ये "खरी कमाई" असते, ज्यांनी केलंय त्यांना आठवेल, आम्ही लहानपणी कुणाच्या तरी अंगणातलं गवत काढून पाच रुपये मिळवले होते. या शाळेत खरी कमाईचा स्टॉल लावतात, बाल आनंद मेळाव्यात पहिल्यांदा लावला आणि आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी शाळेच्या गेटबाहेर असतो. मी डिसेंबरमध्ये गेले, आईला घेऊन. दोन बाकं, वर एक जुनी सोलापुरी चादर अंथरलेली, मागं फळा. मेनू छोटा: कडक भाकरी पाच नगांचं पाकीट ७० रुपये, शेंगाचटणी १०० ग्रॅम ४० रुपये, आणि तुटक्या भाकरीचा चुरा, तो पिशवी २० रुपयाला. चुरा घ्याच, आमटीत घालायला अख्ख्या भाकरीपेक्षा तोच बरा.

भाकरी एक नंबर. खरं सांगते, बाजारात यापेक्षा जाड आणि मधेच मऊ राहिलेली मिळते. ही पातळ, कडेपर्यंत सारखी भाजलेली, मोडली की काडकन आवाज येतो. भाकरी पोरं करत नाहीत, गैरसमज नको, दोन-तीन पोरांच्या आया आणि शेजारच्या बचत गटातल्या बायका करतात आणि त्यांना नगामागं मजुरी मिळते. मला हे आवडलं. फुकटात राबवून घेऊन समाजसेवा नाही. पोरांचं काम म्हणजे ज्वारी निवडणं, वजन, पॅकिंग, विक्री, हिशोब आणि वाटप. माझ्या एका पाकिटात दोन भाकऱ्या खालून करपलेल्या निघाल्या, तिथंच उघडून दाखवल्या, पोरानं न वाद घालता बदलून दिल्या. वर म्हणाला की मावशींच्या चुलीवरच्या आहेत ह्या, त्यांचा जाळ जास्त होतो. क्वालिटी कंट्रोल आहे, फक्त तो गिऱ्हाइकानं करायचा आहे.

चटणीला मात्र मी मार्क कापणार. शेंगाचटणी म्हणजे तेल सुटायला पाहिजे, बोटाला लागलं पाहिजे. ही मिक्सरमधून काढलेली, कोरडी, भुरभुरीत, कुटाला चटणी म्हणल्यासारखी. शेंगदाणे चांगले भाजलेत, लसूण बरोबर आहे, तिखट जरा पोरांच्या हिशोबानं कमी, पण कुटलेली नाही ती नाहीच. माझी आई तिथंच उभी राहून म्हणाली, "उखळ नाही का रे तुमच्याकडं?" एक पोरगी म्हणाली आहे आजी, पण दहा किलो कुटायला हात दुखतात. बरोबर आहे तिचं. तरी १०० ग्रॅमला ४० रुपये घेता तर थोडं तरी कुटा, निदान वरून. आईनं जाता जाता कसं कुटायचं याचं लेक्चर दिलं आणि पोरांनी ते ऐकून घेतलं, लाईन थांबली तरी.

लाईन. हो, लाईनचा प्रॉब्लेम आहे. पंचवीस मिनिटं उभी होते. कारण एक पोरगा पावती लिहितो, दुसरा पैसे घेतो, तिसरी ते वहीत मांडते, आणि पाचशेची नोट दिली की तिघं मिळून सुट्टे मोजतात, मोठ्यानं, दोनदा. स्कॅनर नाही. आजच्या काळात भाजीवाल्याकडं पण स्कॅनर आहे पण इथं नाही कारण सरांनी स्वतःचा नंबर लावायला नकार दिला, पोरांचे पैसे माझ्या खात्यात नकोत म्हणाले. तत्त्व चांगलं आहे पण मागं उभ्या असलेल्या दोन जणांनी कॅश नाही म्हणून लाईन सोडली हे मी बघितलं. शाळेच्या किंवा गटाच्या नावानं काहीतरी करा राव. आणि कागदी पिशवी एकदम बेकार, घरी येईपर्यंत खालून फाटली, भाकऱ्या स्कूटरच्या डिकीत चुरा झाल्या. म्हणजे ७० रुपयाचा माल २० रुपयाचा झाला.

पण फळा. त्या फळ्यासाठी तरी जाऊन या. फळ्यावर उघडा हिशोब मांडलेला असतो. भाकरीचं पाकीट: खर्च ४५, विक्री ७०, उरले २५. चटणी: खर्च २८, विक्री ४०, उरले १२. खाली लिहिलंय, वाटपाचं एक पाकीट ३५ रुपयाला पडतं. आणि त्याच्याखाली खडूनं गोल करून, १ भाकरी पाकीट + १ चटणी = १ माणूस जेवला, शिल्लक २ रुपये. मी चौदा वर्षं अकाऊंट्समध्ये काढलीत, एवढी स्वच्छ बॅलन्स शीट कमी वेळा बघितलीये. मी शंभराची नोट काढून म्हणलं ही तशीच ठेवा, दान म्हणून. पैसे घेणाऱ्या पोरानं नोट उलटी-सुलटी करून परत दिली. "दान घेत नाही काकू. चुरा देऊ का पाच पिशव्या?" आता पाच पिशव्या चुरा घरात पडलाय, कुणाला पाहिजे असेल तर सांगा.

वाटपाच्या पाकिटात तीनच भाकऱ्या का, हे त्याच पोराला विचारलं. तो म्हणे तीन भाकऱ्यांचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं. मग? मग शाळेत शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीला माणशी दीडशे ग्रॅम धान्य असतं, पहिली ते पाचवीला शंभर. "माझ्या बहिणीला शंभर, मला दीडशे. मला दीडशेत पुरतंय, म्हणून." म्हणजे कुठल्यातरी जीआरमधला आकडा या पोरानं स्वतःच्या पोटावर तपासून घेतलाय! आमच्या वेळी शिजवलेलं नसायचं, योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा, हजेरी ऐंशी टक्के असेल तर, मी पिशवी घेऊन रांगेत उभी राहिलेय. नंतर २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शिजवून द्या, मग हळूहळू खिचडी आली.

आणि रविवारच का? मला वाटलं सुट्टी असते म्हणून. ते तर आहेच. पण ती वहीवाली मुलगी, तीच, मला ओळखलं तिनं, ती म्हणाली की रविवारी खिचडी नसते ना. मला पटकन कळलंच नाही. मग तिनं दोन-चार वाक्यात सांगितलं, पॅकिंग करता करता, वर न बघता. की त्यांच्यातल्या काहींच्या घरी आठवड्याच्या शेवटी विड्यांचे पैसे आलेले नसतात किंवा संपलेले असतात, सोमवारी शाळेत खिचडीला दुसऱ्यांदा मागणारे जास्त असतात, हे तिनंच एकदा मोजलं होतं. मग त्यांनी आधी आपल्याच वर्गातल्या पोरांना शनिवारी शाळा सुटताना पाकीट द्यायला सुरुवात केली. हॉस्पिटल नंतर आलं, कारण एकीची आई ऍडमिट होती आणि तिनं तिथलं रविवारचं बघितलं. शिवभोजन थाळी आहे ना म्हणलं मी, २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली, दहा रुपयात दोन चपात्या, भाजी, वरण, भात. तर ती म्हणते, "ती दुपारची असते काकू. भूक रात्रीची लागते."

माझ्या डोळ्यासमोर ती चौदा केळी आली. सकाळी वाटलेली.

शनिवारचं पाकीट कुणाला देतात ते मात्र कुणी सांगत नाही. वहीत नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. मी विचारलं तर मुलगी म्हणाली ते आमच्यात आहे. स्टॉलवर उभ्या असलेल्या दहा-बारा पोरांमध्ये घेणारे कोण आणि देणारे कोण हे मला बघून तरी ओळखता आलं नाही.

आईबद्दल एक सांगायचं राहिलं. ती त्या चादरीच्या कडेला खुर्चीवर बसली होती, पोरांनीच दिली, आणि भाकरीचा तुकडा चघळत तिनं ७२ च्या दुष्काळाचं काढलं. तेव्हा खायला वाटायचे ती सुकडी, आणि ती लाल मिलो, अमेरिकेतली ज्वारी, तिची भाकरी कशी घशाखाली उतरायची नाही. खडी फोडायला तिची आई जायची. पोरं ऐकत होती पण एक जण म्हणाला आजी आम्ही दामाजीपंतांचं नाटक केलं होतं गॅदरिंगला, त्यात पण दुष्काळ होता. आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट पोरांना आधीच माहिती असते, मंगळवेढ्याचं कोठार, लोक उपाशी, पंतांनी राजाला न विचारता दारं उघडली आणि मग बेदरच्या दरबारात विठोबा स्वतः महाराच्या वेषात पैसे भरायला गेला. तो पोरगा राजाचा पहारेकरी झाला होता म्हणे. आई म्हणाली मग तू कोठार अडवून धरलंस होय रे, आणि तो इतका लाजला की चुऱ्याच्या दोन पिशव्या जास्तीच्या बांधल्या. त्या पण माझ्याचकडं आहेत.

तर स्टार. भाकरीला पाच. चटणीला अडीच, कुटली तर साडेचार देईन. पॅकिंगला एक, तेही पोरांच्या अक्षराला. सर्व्हिस हळू, पण बदलून देतात आणि ऐकून घेतात म्हणून चार. एकूण साडेतीन, आणि कुणी मला म्हणू नका की लहान मुलं आहेत पाच दे, त्यांनी मला गिऱ्हाईक म्हणून वागवलंय, दानवाली म्हणून नाही, त्यामुळं मार्क पण गिऱ्हाईकासारखेच मिळणार. त्यांच्या तक्रारवहीत मी हे सगळं लिहून आलेय, चटणीचं सुद्धा, पावतीसारखी खाली सही करून घेतली माझ्याकडून.

जाणाऱ्यांनी सकाळी नऊला जा, साडेदहाला भाकरी संपते. सुट्टे न्या, दहा-वीसच्या नोटा. घरची पिशवी किंवा डबा न्या, डबा दिला तर पाच रुपये कमी करतात हे मला निघताना कळलं. थालीपीठ, चिवडा वगैरे विचारू नका, नाहीये. आणि सेल्फी काढायला जाणार असाल तर सर हसत हसत फोन खिशात घालायला लावतात.

पुढच्या महिन्यातला पहिला रविवार चुकेल कारण चाचणी परीक्षा आहे. फळ्याच्या कोपऱ्यात तसं लिहूनच ठेवलंय, "परिक्षेमुळे स्टॉल बंद. किटली चालू."